सल्लागाराचे दायित्व

काशीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथे पहाटे स्नानास उतरणारा मनुष्य सांडपाण्याची योजना कोणी आखली हे विचारीत नाही. तिचे फळ मात्र त्यालाच भोगावे लागते. व्यवस्थापन-सल्लागाराच्या नैतिक पेचाचे मूळ येथेच आहे. मोबदला एकजण देतो आणि परिणाम दुसऱ्याच्या वाट्यास येतो.

१९८६ साली वाराणसीत गंगा कृती योजनेचा आरंभ झाला. सांडपाणी पंपांनी उचलून शुद्धीकरण केंद्रांत न्यावयाचे, अशी तिची रचना होती. परंतु वीज गेली की पंप थांबत आणि मैला नदीत जाई. हा दोष काशी हिंदू विश्वविद्यालयातील जल-अभियांत्रिकीचे प्राध्यापक व संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र (निधन २०१३) यांनी उघडपणे मांडला. त्यांनी पाण्याची तपासणी चालविली, तसेच उतारावरून सांडपाणी वाहून नेऊन तळ्यांत शुद्ध करण्याचा पर्यायही सुचविला.

यावरून तीन नियम निघतात. योजना कोणत्या गृहीतावर उभी आहे, ते लेखी सांगावे. प्रतिकूल मापन दडवू नये. ग्राहकाचे गुपित राखावे. परंतु लोकांच्या आरोग्यास धोका असेल, तर प्रथम ग्राहकास सावध करावे आणि त्याने न ऐकल्यास योग्य अधिकाऱ्यास कळवावे.

मिश्र स्वतः त्याच गंगेत नित्य स्नान करीत. आपल्या सल्ल्याचे पाणी आपणांस चालेल काय, हा प्रश्न प्रत्येक सल्लागाराने स्वतःस विचारावा.