दाभोळचा धडा : गुंतवणूक करार व शासनाचे दायित्व

परकीय भांडवल यजमान देशात सुरक्षित राहावे, यासाठी दोन देश आपसांत गुंतवणूक संरक्षण करार करतात. योग्य मोबदल्याविना मालमत्ता ताब्यात घेऊ नये व न्याय्य वागणूक द्यावी, ही त्यातील प्रमुख वचने होत. वचनभंग झाल्यास गुंतवणूकदार थेट त्या देशाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकतो.

दाभोळ वीज प्रकल्पाचे उदाहरण बोलके आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीजखरेदी थांबविली व प्रकल्प बंद पडला. अमेरिकेशी भारताचा असा करार नव्हता. तथापि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांनी आपल्या मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत १९९८ च्या भारत-मॉरिशस कराराचा आधार घेतला. वाद राज्याच्या मंडळाशी, दावा मात्र भारतावर! अखेर २००५ मध्ये तडजोड झाली.

केंद्राने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नमुना मसुद्यात प्रथम भारतीय न्यायालयांत दाद मागण्याची अट आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे निर्णय त्यातून वगळले आहेत. राज्य शासनाचे नाहीत. म्हणून सोलापूरसारख्या जिल्ह्यातही उद्योगाच्या जमीन-पाण्याविषयी शासकीय निर्णय घेताना संबंधितांचे म्हणणे ऐकून कारणे लेखी नोंदविणे, हे राष्ट्रहिताचेच काम होय.