संकोच न दुखावता त्वचेची तपासणी

त्वचेचा कर्करोग डोळ्यांना दिसू शकतो. परंतु तो पाहण्यासाठी अंगावरील वस्त्र दूर करावे लागते आणि नेमके तेथेच रुग्ण संकोचतो. आपल्याकडे हा रोग तुलनेने विरळ असल्याने सरसकट सर्वांच्या तपासणीची आवश्यकता नाही. मात्र भाजल्याचे जुने व्रण असलेले, अवयव-प्रत्यारोपण झालेले अथवा पूर्वी हा रोग होऊन गेलेले रुग्ण यांची नखशिखांत तपासणी हितावह ठरते.

संकोचापोटी झाकून राहणाऱ्या जागाच कित्येकदा महत्त्वाच्या असतात. डॉ. व. रा. खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनी धोतराच्या घट्ट गाठीखाली कंबरेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाची नोंद १९४५ साली केली. परकराच्या नाडीने वर्षानुवर्षे काचणाऱ्या कंबरेवरही असा रोग आढळला आहे. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत काळा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, बहुधा तळपाय, तळहात वा नखांखाली आढळतो.

म्हणून संकोचाला दोष न देता तपासणीचीच रीत बदलावी. काय पाहणार व का, हे रुग्ण पूर्ण कपड्यांत बसलेला असतानाच सांगावे. कपडे बदलताना डॉक्टरांनी बाहेर थांबावे. खोली उबदार असावी, दाराला कडी व पडदा असावा. चादरीखालून एका वेळी एकच भाग उघडावा आणि तो झाकल्यावरच पुढील भागाकडे वळावे. पुरुष डॉक्टर स्त्री-रुग्णास तपासत असतील, तर दुसरी स्त्री उपस्थित असावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण-हक्क सनदेतही हे नमूद आहे. गुह्य भागाची तपासणी स्वतंत्रपणे विचारून, संमतीनेच व्हावी. "थांबा" म्हणण्याचा अधिकार रुग्णास अखेरपर्यंत असतो. रुग्णाने नकार दिल्यास रागावू नये. तो भाग घरी आरशात कसा पाहावा, हे शिकवावे.

कुटुंबीयांनीही साहाय्य करावे. येण्यापूर्वी नखांचा रंग काढून टाकावा. रंग वा आकार बदलणारा तीळ, महिनाभरात न भरणारी जखम किंवा कंबरेवरील जाडसर चट्टा दिसल्यास तो लपवू नये.

देणगीदारांनी दिलेला एक पडदा, एक स्वच्छ चादर, एका परिचारिकेचा वेळ, या गोष्टी यंत्रांपुढे क्षुल्लक वाटतील. परंतु त्यांच्या आधाराने एखादी माउली कंबरेवरील व्रण वेळीच दाखवते आणि रोग लहान असतानाच शस्त्रक्रियेने काढता येतो. रुग्णाची लाज राखणे हाही उपचाराचाच भाग होय.