थरथर नेमकी कुठली?

मोटार यॉट थरथरायला लागली की मालक पंखा बदलायचं म्हणतो आणि मेकॅनिक माउंट बदलायचे म्हणतो. कधी एकाचं बरोबर निघतं, कधी दुसऱ्याचं, पण बऱ्याचदा दोन्ही बदलून झाल्यावरही थरथर जागच्या जागी असते. गेटवेसमोर, मांडव्याला आणि गोव्यात मांडवीत नांगरलेल्या बोटींवर काम करताना जे पदरात पडलं ते इथे मांडतो. या बोटी म्हणजे चाळीस ते सत्तर फुटी, फायबरच्या, दोन डिझेल इंजिनं आणि दोन सरळ शाफ्ट असलेल्या.

१. सारंगाला बाजूला घ्या

पाना हातात घेण्याआधी विचारायचं, कधीपासून? एका फेरीत अचानक सुरू झालं असेल तर पंख्याला काहीतरी लागलंय किंवा गुंडाळलं गेलंय. महिनोन्महिने हळूहळू वाढत आलं असेल तर झीज आहे, म्हणजे बेअरिंग किंवा माउंट. पावसाळ्यात बोट वर काढली, काम झालं आणि पाण्यात उतरवल्यावर सुरू झालं, तर आपल्याच बिरादरीतल्या कुणाचा तरी हात त्याला लागलेला आहे.

हा प्रश्न मालकासमोर मात्र विचारू नये. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि ओहोटीला घाई करणाऱ्याचा पंखा गाळात किंवा खडकाला घासतो. मालक शेजारी उभा असताना हे कोणता सारंग सांगेल? चहा प्यायला नेलं की सांगतो.

२. पहिली तपासणी हाताची

बोट दोन महिने नुसती बोयावर उभी राहिली असेल तर पात्यांवर बार्नकल चढलेले असणारच. एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी, की तोल गेला. नायलॉनचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा शाफ्टवर गुंडाळला गेला तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून घट्ट कडं होतं आणि ते बेअरिंगला दाबत बसतं.

मुंबईच्या गढूळ पाण्यात पाणबुड्याला डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नाही. त्याने प्रत्येक पात्याची कड मुळापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायची आणि एका पात्याला जे लागलं ते दुसऱ्याला लागतंय का ते सांगायचं. तो खाली असेपर्यंत दोन्ही इंजिनांच्या किल्ल्या माझ्या खिशात असतात आणि बॅटरीचे स्विच बंद. यात सवलत नाही.

३. गणित फुकट आहे, ते आधी करा

थरथरीचा वेग कळला की निम्मा शोध संपतो. इंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरतंय आणि गिअरबॉक्स २:१ आहे असं धरा. शाफ्ट १२०० फेरे फिरणार, म्हणजे सेकंदाला २०. सेकंदाला २० वेळा हादरा येत असेल तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा काहीतरी बिनसतंय: पंख्याचा तोल, वाकलेला शाफ्ट किंवा कपलिंग. पंखा चार पात्यांचा असेल आणि हादरा सेकंदाला ८० वेळा येत असेल, तर प्रत्येक पातं बोटीच्या तळाजवळून जाताना पाण्याचा धक्का देतंय.

इथे एक खोडी आहे आणि तिच्यापायी भरपूर पंखे विनाकारण दुकानात गेले आहेत. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. एक सिलिंडर मंद झाला की त्याचा हादरा इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांनी एकदा येतो, म्हणजे २४०० फेऱ्यांना सेकंदाला २० वेळा. गिअरबॉक्स २:१ असेल तर खराब इंजेक्टर आणि बिघडलेला पंखा यांचा आकडा अगदी एकच! तोच गिअरबॉक्स १.७५:१ असता तर शाफ्टचा आकडा २३ च्या जवळ गेला असता आणि दोघं वेगळे ओळखू आले असते. म्हणून गिअरबॉक्सच्या पाटीवरचा आकडा वाचल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावरही विश्वास ठेवू नये. कपलिंगवर चकाकणाऱ्या टेपचा तुकडा चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने खरे फेरे मोजावेत. मोबाइलमधलं कंपन मोजणारं ॲप शाफ्टच्या आकड्यापुरतं चालतं. पात्यांचा आकडा मात्र पुष्कळ फोनना पकडता येत नाही, कारण सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या फोनला ५० च्या पुढचं नीट कळत नाही.

४. न्यूट्रलमध्ये फेरे वाढवून बघा

थरथर तिथेही आली तर पंखा आणि शाफ्ट सुटले. नाही आली तरी इंजिन पूर्ण सुटत नाही, कारण मंद सिलिंडर ओझ्याखालीच जास्त बोलतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर इंजेक्टरच्या पाइपचा नट एकेक करून सैल करत कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधतात. कॉमन रेल इंजिनावर हे करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची धार कातडीतून आत जाते.

मग एकेका इंजिनावर बोट चालवायची. बंद बाजूचा शाफ्ट पाण्याच्या ओघाने फिरत राहतो आणि काही गिअरबॉक्सना ते सोसत नाही, तेव्हा आधी पुस्तिका बघा. आणि ही चाचणी खोल पाण्यात घ्या. उथळ पाण्यात चांगली बोटही थरथरते.

५. वां... वां... वां

दोन्ही इंजिनांच्या फेऱ्यांत थोडा फरक असला की असा वाढता-उतरता घुमारा येतो. हा बिघाड नव्हे. फेरे जुळवा.

६. कपलिंगची जुळणी पाण्यातच

बोट ट्रॉलीवर असताना केलेली जुळणी मी मानत नाही. फायबरचा तळ पाण्यात वेगळा बसतो, म्हणून बोट उतरवून एखादा दिवस जाऊ द्यावा, टाक्या नेहमीइतक्या भराव्यात आणि मग कपलिंगचे बोल्ट काढावेत. जुना नियम असा, की फ्लँजच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच फट चालते. सहा इंची फ्लँजला सहा हजारांश, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. लांब शाफ्टचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, त्याला आधार दिल्याशिवाय घेतलेलं माप खोटं.

फीलर गेजने चार ठिकाणी मोजून झालं की इंजिनाकडची फ्लँज तशीच ठेवायची, शाफ्टची पाव फेरा फिरवायची आणि परत मोजायचं. मोठी फट होती तिथेच राहिली तर इंजिन हलवावं लागेल. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकला आहे किंवा फ्लँजचं तोंड सरळ नाही, आणि मग माउंटचे नट कितीही फिरवले तरी उपयोग नाही. हे पाच मिनिटांचं काम न करता दिवसभर इंजिन वर-खाली करणारे लोक मी बघितले आहेत.

७. झिजलेलं बेअरिंग फेकू नका

कटलेस बेअरिंगचं रबर सगळीकडून सारखं झिजलं असेल तर वय झालं. एकाच बाजूने झिजलं असेल तर शाफ्ट तिरका बसलाय. पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली झिजलं असेल तर ब्रॅकेटचा कोनच चुकला आहे. नवीन बेअरिंगही तसंच झिजणार.

८. पंखा शेवटी, पण नीट

छताच्या पंख्याचं एक पातं वाकलं की तो कसा डुलतो ते सगळ्यांनी पाहिलंय. बोटीच्या पंख्याचं वाकणं मात्र डोळ्यांना दिसेलच असं नाही. वजनाचा तोल अचूक असूनही एका पात्याची पिच वेगळी असेल तर ते पाणी वेगळ्या जोराने ढकलतं आणि थरथर राहते. म्हणून दुकानात 'बॅलन्स करून द्या' एवढंच सांगू नये. प्रत्येक पात्याची पिच मोजून कागद मागावा आणि आयएसओ ४८४ च्या कोणत्या वर्गात बसवलं ते लिहून घ्यावं. वेगवान यॉटला मी पहिला वर्ग मागतो. नुसता तोल काढून हातोडीने 'अंदाजे' सरळ करणाऱ्यांकडे पंखा देण्यापेक्षा तो तसाच वाकडा चालवलेला बरा.

बसवताना आणखी एक. शाफ्टच्या निमुळत्या टोकावर निळं लावून पंखा आधी चावीशिवाय बसवायचा आणि कुठवर जातो तिथे खूण करायची. मग चावी घालून बसवायचा. खुणेपर्यंत पोचला नाही तर चावी उंच आहे, पंखा तिच्यावर चढून एका बाजूला सरकलाय. दुकानातून निर्दोष आलेला पंखा अशा चावीपायी पुन्हा थरथरतो आणि दोष दुकानाला जातो.

९. काही बोटी जन्मतःच थरथरतात

सगळं मोजून बरोबर निघालं आणि हादरा पात्यांच्याच आकड्यावर असेल, तर पात्याचं टोक आणि तळ यांतलं अंतर मोजा. पंख्याच्या व्यासाच्या १५ टक्के तरी असावं. २६ इंची पंख्याला चार इंचांच्या आसपास. मालकाने जास्त वेगाच्या हौसेने मोठा पंखा लावला की हेच अंतर खाल्लं जातं. तिथे चारऐवजी पाच पात्यांचा, थोड्या कमी व्यासाचा पंखा लावला तर धक्के हलके होतात. वेग किंचित कमी होऊ शकतो, हे मालकाला आधीच सांगून ठेवावं, शक्यतो लेखी.