आधी तांदूळ वेच

सांगली,
रविवार

चि. मधुरा हिस,



परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून धड बोलता आलं नाही. टॅबची मेमरी भरली, लेक्चर डाऊनलोड होत नाही, पुढच्या आठवड्यात अ‍ॅनाटॉमीची चाचणी, आणि "मामा, सगळे फोटोच उडवून टाकते" असं तू म्हणालीस. मी "थांब" एवढंच म्हटलं. का थांब म्हणालो ते आता सविस्तर लिहितो. चाळीस वर्षं माझं घर फोटोवर चाललंय. या एका विषयात मामाचं ऐक.

आधी चाचणीपुरती सोय. सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघड. कोणी किती जागा खाल्ली ते तिथं दिसतं. फोटोला हात लावण्याआधी व्हिडिओ बघ. एक फोटो साधारण ३-४ एमबीचा असतो. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला १००-१२५ एमबी घेतो, आणि कुणी फोनवर फोर-केमध्ये काढून तुझ्याकडे टाकला असेल तर मिनिटाला साडेतीनशेच्या घरात जातो. आपल्या ओंकारनं मे महिन्यात अंगणातल्या क्रिकेटचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला होता ना, तो एकटा तीनशे फोटोंची जागा अडवून बसलाय. असले पाच-सहा व्हिडिओ बाबांच्या लॅपटॉपवर गेले की लेक्चरपुरती जागा होईल. पाहून झालेली जुनी लेक्चरंही काढ, ती पुन्हा मिळतात.

मग व्हॉट्सअ‍ॅप. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. ५ एमबीहून मोठ्या फाइली तिथं वेगळ्या दिसतात, आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्याही वेगळ्या दिसतात. सूर्योदय, गुलाब, 'शुभ सकाळ', चतुर्थीचे गणपती, हे सगळं बिनधास्त काढ. देवाचं चित्र पुसलं म्हणून देव रागावत नाही. आजीला विचारलंस तर तीही हेच सांगेल. तिथंच मीडियाचं ऑटो-डाऊनलोड बंद करून टाक, नाहीतर आज झाडलेलं अंगण उद्या पुन्हा पाचोळ्यानं भरेल. आपण दुसऱ्याला पाठवलेल्या फोटोची एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरात साठत राहते, तीही बघ.

एवढ्यानं चाचणी निभेल. माझं खरं सांगणं यापुढचं आहे, आणि ते चाचणी झाल्यावर सावकाश वाच.

तू म्हणालीस, चार हजार फोटो आहेत, नको असलेले शोधायचे कसे? तुझी सुरुवातच उलटी होतेय. आजी तांदूळ निवडते तेव्हा सुपातले खडे वेचून बाहेर टाकते, कारण तांदूळ पुष्कळ आणि खडे चार. तुझ्या टॅबमध्ये खडे पुष्कळ आणि तांदूळ मूठभर. तिथं खडे वेचत बसलीस तर हात दुखतील, आणि शेवटी कंटाळून सूपच उपडं करशील. परवा रात्री तू तेच करायला निघाली होतीस. म्हणून आधी तांदूळ वेच. एक महिना उघड, आणि त्यातले कुठल्याही परिस्थितीत राहिले पाहिजेत असे दहा-बारा फोटो निवडून वेगळ्या अल्बममध्ये टाक. महिनाभरात एवढेच खरे फोटो असतात, फार तर वीस. ते सुरक्षित झाले की उरलेल्यांकडे बघताना जीव घाबरत नाही.

रोलच्या काळात आम्ही फोटोग्राफर हेच करत होतो. एका रोलमध्ये ३६ फ्रेम. लग्नाला पाच रोल नेले तर गिऱ्हाईक आधी किमतीचं बोलायचं. रोल धुऊन वाळला की सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या, खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवायच्या आणि भिंगातून एकेक बघायची. अंतरपाट दूर होतानाचे चार फोटो असतील तर त्यातला एकच मोठा व्हायचा. त्या एकावर मी लाल पेन्सिलीनं खूण करायचो. बाकीचे तीन वाईट नसायचे, पण त्यांची गरज नसायची. तुझ्या पिढीला रोल संपत नाही, त्यामुळे ही लाल पेन्सिल कुणी हातातच घेत नाही.

एकसारख्या सात-आठ फोटोंतून एक कसा निवडायचा तेही सांगतो. फोटो मोठा करून आधी डोळे बघ. सगळ्यांचे उघडे आहेत का, आणि नजर एकमेकांकडे किंवा कॅमेऱ्याकडे आहे का. मग हात बघ. चेहरा ठरवून हसतो, हात खोटं बोलत नाहीत. एका फोटोत कुणी मूठ आवळली असेल आणि दुसऱ्यात कुणाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर सहज गेला असेल, तर हा दुसरा फोटो ठेवायचा. डोक्यामागे विजेचा खांब उगवलाय का, हे सगळ्यात शेवटी.

आणि यंत्राच्या सल्ल्यावर सगळं सोडू नकोस. काही अ‍ॅप 'अस्पष्ट फोटो' म्हणून ढीग काढून दाखवतात आणि एका बोटात पुसायला सांगतात. त्या ढिगात फरशीचे, खिशाच्या आतले फोटो असतात, ते जाऊ देत. पण मागच्या आषाढी एकादशीला आजी भगरीचं ताट घेऊन दारात आली, ओंकार काहीतरी बोलला आणि ती पदर तोंडाला लावून हसली, तो तुझा फोटो जरा हललेला आहे. यंत्राला तो अस्पष्ट वाटेल. माझ्या लेखी तुझ्या सगळ्या टॅबमध्ये त्याच्या तोडीचा फोटो नाही.

काय ठेवायचं याबद्दल माझ्या धंद्यानं मला एक गोष्ट शिकवली, ती अजून कुणाला सांगितलेली नाही. दुकानात सकाळी लवकर, डोळे सुजलेला माणूस येतो तेव्हा मला न विचारता कळतं. त्याच्या हातात काहीतरी इवलंसं असतं. एसटीचा पास, मतदार ओळखपत्र, नाहीतर कुणाच्या तरी बारशाचा ग्रुप फोटो. "एवढा मोठा करून द्या, दहाव्याच्या आत." ग्रुपमधल्या मागच्या रांगेतलं, अर्धं दुसऱ्याच्या खांद्याआड गेलेलं डोकं मी कापून काढायचो, वाढवायचो, ब्रशनं कान पुरा करायचो. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईचा स्वतःचा असा एक फोटो घरात नसायचा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी हे थांबलेलं नाही. गेल्याच महिन्यात एक मुलगा फोन घेऊन आला होता. त्यात हजारो फोटो, आणि त्यात वडिलांचा समोरून, नीट उजेडातला एकही नाही. अर्धा तास आम्ही दोघं बोटानं फोटो सरकवत होतो. शेवटी वाढदिवसाच्या केकमागे उभे असलेले वडील सापडले.

म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा एक स्वच्छ, खिडकीच्या उजेडातला चेहरा तुझ्या ठेवणीत असला पाहिजे. नसेल तर दिवाळीत घरी आलीस की काढ. त्याबरोबर साध्या गोष्टीही ठेव. घराचं जुनं दार, आईच्या हस्ताक्षरातली लोणच्याच्या मापांची वही, बाबांची सायकल, परसातला पारिजातक. ताजमहालाचे फोटो जगात कोट्यवधी आहेत, तुझे बावीस गेले तर काही बिघडत नाही. आपल्या परसाचा फोटो फक्त तुझ्याकडे आहे.

स्क्रीनशॉट हा प्रकार वेगळा. वेळापत्रकं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, कुणाचे तरी निरोप. महिन्यापलीकडचे सगळे काढ. आधार कार्डाचे, गुणपत्रिकेचे फोटो मात्र गॅलरीत नसावेतच, टॅब मैत्रिणींच्या हातात फिरतो. सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये घे आणि गॅलरीतून पूस.

आता पुसण्याची रीत. गेल्या दिवाळीतला प्रसंग तुला आठवत असेल. तू टॅबवरून चारशे फोटो पुसलेस आणि तासाभरात आईचा फोन आला की तिच्या फोनमधून ओंकारच्या मुंजीचे फोटो गेले. त्यात अ‍ॅपची चूक नव्हती. टॅबवर आणि तिच्या फोनवर एकच खातं होतं, आणि गूगल फोटोजमध्ये 'डिलीट' म्हटलं की फोटो त्या खात्यातून जातो, मग तो कुठल्याही उपकरणावर दिसत असो. फक्त टॅबवरची जागा हवी असेल तर 'फ्री अप स्पेस' हा पर्याय आहे. ज्या फोटोंचा बॅकअप झालाय तेवढेच तो टॅबवरून काढतो, खात्यात ते राहतात. त्या वेळी बिनमधून, म्हणजे पुसलेल्या फोटोंच्या टोपलीतून, सगळं परत मिळालं म्हणून निभावलं. बॅकअप झालेला फोटो तिथल्या बिनमध्ये ६० दिवस राहतो, न झालेला ३०. त्यानंतर कुणाचे हातपाय जोडून उपयोग नाही. टॅबच्या स्वतःच्या गॅलरीलाही वेगळं बिन असतं, आणि ते रिकामं करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. इतकं पुसूनही मेमरी तेवढीच का, असं तू विचारलंस त्याचं उत्तर हे. पण ते लगेच रिकामं करू नकोस. आठवडाभर जाऊ दे, एकदा चाळ, मग रिकामं कर.

गूगलवर आहे म्हणजे झालं, असंही समजू नकोस. फुकटची जागा १५ जीबी, आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्या मापात मोजला जातो. ती जागा भरली की नवे फोटो चढणं थांबतं आणि आपल्याला वाटत राहतं की चढताहेत.

म्हणून वेचलेले तांदूळ दोन डब्यांत ठेव. एक बाबांच्या लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह माझ्याकडे राहू दे. साधी ओटीजी केबल लावली की टॅबवरून थेट उतरतं. उतरवल्यावर इकडचे-तिकडचे पाच-सहा फोटो उघडून बघ, शेवटचा हमखास उघड. नुसतं नाव दिसणं म्हणजे फोटो असणं नव्हे. तो उघडल्याशिवाय टॅबवरचा पुसायचा नाही. एकाच फोटोच्या दोन प्रती असतील, एक कॅमेऱ्याची आणि एक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली, तर कॅमेऱ्याची ठेव. व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलच्या नावात 'डब्ल्यूए' अशी अक्षरं असतात. तो फोटो दाबून लहान केलेला असतो, आणि कधी काढला याची आतली नोंदही त्यात उरत नाही.

दोन डबे का, ते मी २००५ साली शिकलो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी चढत होतं. आमच्या गल्लीत येणार नाही असं सगळे म्हणत होते. मी कॅमेरे आणि एन्लार्जर माळ्यावर टाकले, निगेटिव्हची कपाटं खालीच राहिली. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर बटरपेपरच्या पाकिटांचा लगदा झाला होता. निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो आणि वाळताना एकमेकाला धरून बसतो. वीस वर्षांची लग्नं एका विटेसारखी घट्ट झाली होती. त्यानंतर पंधरा दिवस लोक ओले अल्बम घेऊन येत होते. घरात चिखल, टीव्ही गेलेला, धान्य गेलेलं, आणि माणसं अल्बम छातीशी धरून रांगेत उभी. मी ते वाळू देत नव्हतो. स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवून एकेक फोटो कडेनं सोडवायचा आणि दोरीवर सावलीत टांगायचा. काहींचे चेहरे वाचले, काहींचे पाण्यात विरघळून गेले. त्यातल्या कित्येकांची निगेटिव्ह माझ्याकडेच होती, माझ्याच कपाटात, खालच्या खणात. ती वर ठेवली असती तर मी त्यांना पुन्हा प्रिंट देऊ शकलो असतो. २०१९ साली पुन्हा पूर आला तेव्हा माझ्या डिस्क आधीच मिरजेला तुझ्या मावशीकडे होत्या.

हे सगळं एका बैठकीत करू नकोस. रोज पंधरा मिनिटं, एका दिवशी एक महिना, जुन्यापासून सुरू. रात्री झोप आलेली असताना नाही, आणि कुणावर रागावलेली असताना तर मुळीच नाही. मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून तिच्याबरोबरचे सगळे फोटो पुसणारी मुलं मी दुकानात पाहिली आहेत. तीच मुलं वर्षभरानं "काका, परत आणता येतील का" विचारत येतात. मला ते आणता येत नाहीत.

चाचणी चांगली दे. जेवणाची हेळसांड करू नकोस.

आणि आजीचा तो आषाढीचा फोटो मला आजच पाठव. नेहमीसारखा पाठवू नकोस, 'डॉक्युमेंट' म्हणून मूळ फाइल पाठव. मी तो मोठा करून चौकटीत बसवतो आणि दिवाळीला तिच्याच हातानं देवघराशेजारी लावून घेतो.

तुझा,
मामा