पदार्थविज्ञानाची पदवी आणि विद्यापीठाची निवड

आपल्या व्यापारी कुटुंबांत मुलगा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला की इंजिनियरिंग अथवा पेढी, असे दोनच मार्ग सामान्यतः सुचतात. परंतु अलीकडे एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला पदार्थविज्ञान शिकावयाचे आहे’ असे निश्चयाने सांगते. वडीलधाऱ्यांचा विरोध असतोच असे नाही. अर्ज कोठे करावा हे त्यांस ठाऊक नसते. मग शेजाऱ्याचा मुलगा जेथे गेला तेथेच आपलाही धाडला जातो. प्रस्तुत लेखक मॅट्रिकच्या पुढे गेलेला नाही. तथापि भुसार मालाच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेल्यामुळे माल पारखून घ्यावा कसा, एवढे त्यास सांगता येईल.

गोणीवरील शिक्का पाहून कोणी गहू घेत नाही. सळी घालून आतला दाणा तळहातावर घ्यावा लागतो. विद्यापीठाचे नाव हा शिक्का होय. दाणा म्हणजे तेथील अध्यापक व प्रयोगशाळा. म्हणून चार गोष्टी अवश्य विचाराव्या. वरच्या वर्गांत क्वांटम यामिकी, विद्युत्चुंबकीय सिद्धांत हे विषय पुरेपूर शिकविले जातात काय? विद्यार्थी उपकरणे स्वतः हाताळतो, की नुसती वही भरतो? अध्यापक संशोधन करतात काय व पदवीच्या विद्यार्थ्यास त्यात घेतात काय? मागील तीन वर्षांचे विद्यार्थी पुढे कोठे गेले? माहितीपत्रकापेक्षा तेथे शिकणाऱ्या मुलांकडून याची उत्तरे अधिक खरी मिळतात.

अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यात १९१९ साली जन्मलेले डॉ. विक्रम साराभाई केंब्रिजला शिकत होते. दुसऱ्या महायुद्धामुळे ते मायदेशी परतले, तेव्हा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास चालू ठेवला. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन १९४७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. स्थान बदलले तरी समर्थ गुरू लाभल्यास विद्या खंडित होत नाही, हा यातील बोध होय.

आता प्रत्यक्ष अर्जांविषयी. सर्व भांडवल एका मालात घालू नये, तद्वत एकाच ठिकाणी अर्ज करून स्वस्थ बसू नये. तीन पायऱ्या कराव्या. वरच्या पायरीवर पुण्याची २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, ठेवावी. तेथे पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे व देशातील सातही आयसरांसाठी एकच प्रवेशपरीक्षा होते. भुवनेश्वरची नायसर व मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे मुंबईतील केंद्र यांसाठी ‘नेस्ट’ ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. मधल्या पायरीवर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, तसेच आपल्या सुरतेतील एस.व्ही.एन.आय.टी.चा पाच वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम ठेवावा. तिसरी पायरी घरची : वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची येथील महाविद्यालये. खानदेशात आप्त असलेल्यांनी जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचीही चौकशी करावी.

घरच्या पायरीस कमी लेखू नये. बी.एस्सी. झाल्यावर ‘जॅम’ परीक्षेने आय.आय.टी.त एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो. तेव्हा वरचे दार बारावीनंतर उघडले नाही, तर तीन वर्षांनी पुन्हा ठोठावता येते.

ही तयारी मात्र दहावीनंतरच सुरू होते. अकरावीत गणिताचा ‘ए’ गट घ्यावा. गणित सुटले की पदार्थविज्ञानाची वाट जवळजवळ बंद झालीच. गुजराती अथवा मराठी माध्यमातील मुलाने इंग्रजी पाठ्यपुस्तके आधीच वाचावयास घ्यावीत. परीक्षांच्या तारखा व अर्जांची मुदत घरच्या दिनदर्शिकेवर मांडावी. हुंडीची मुदत आपण विसरत नाही, तशीच हीही विसरू नये.

खर्चाचा हिशेबही आधी मांडावा. नुसत्या पदवीवर या विषयात थांबता येत नाही, एम.एस्सी. व पीएच.डी. धरून नऊ-दहा वर्षे जातात. परंतु नेटसारखी परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास संशोधकाचा भार घरावर राहत नाही. जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. वसतिगृहात आपल्या नियमाचे व सूर्यास्तापूर्वीचे भोजन मिळेल काय, याची चौकशी योग्यच आहे. मात्र वरील चार प्रश्न विचारून झाल्यावर ती करावी, आणि केवळ त्यासाठी मुलीला घरी थांबवू नये.

व्यापारातील तोटा पुढच्या हंगामात भरून काढता येतो. अठरा ते बावीस ही वर्षे परत विकत मिळत नाहीत. म्हणून आपल्या पाल्याची आवड खरी आहे असे दिसताच त्यास शेजारी बसवून तीन पायऱ्यांची यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे त्या चार प्रश्नांची उत्तरे लिहावी. ज्या नावापुढे उत्तरे कोरी राहतील, ते नाव कितीही मोठे असो, त्याविषयी चौकशी झाल्यावाचून अर्ज करू नये.