रानवाटेवर मोकळे हात

आपल्या नांदेड जिल्ह्यातील माहूरचे डोंगर बहुतेकांनी पाहिले आहेत. रेणुकामाता व दत्तशिखर येथे गाडीरस्ता जातो. पण किल्ला व भोवतालचे रान पायी हिंडणाऱ्यास वाट शोधावी लागते. त्यासाठी हल्ली जीपीएस वापरतात. ते हातात धरावे की अंगावर घालावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान ४ उपग्रहांचे संदेश मिळाले, तरच आपली जागा व उंची नीट कळते. हे संदेश फार क्षीण असतात. मानवी शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाणी ते शोषून घेते. म्हणून यंत्र खिशात ठेवले, तर बरेचसे आकाश आपल्याच देहाने झाकले जाते. यावर उपाय असा : तारेने जोडलेला छोटा अँटेना टोपीवर किंवा पाठपिशवीच्या पट्ट्यावर खांद्याशी, आकाशाकडे तोंड करून बसवावा. यंत्र खिशातच राहू द्यावे व वळणाची सूचना कानाने ऐकावी.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण चुंबळीवर मोळी तोलून उतार उतरणाऱ्या माझ्या आईला मोकळ्या हातांचे मोल कोणी शिकवले नव्हते. पाय घसरला तर फांदी धरायला हात लागतो!

अर्थात, दाट ओल्या पानांखाली अँटेनाही अडखळतो. अशा वेळी उघड्या माळावर येऊन थांबावे; आणि गुराखी भेटल्यास वाट विचारण्यात कमीपणा मानू नये.