बिब्बा उतला तर काय करावे?

पाय मुरगळला, टाच भेगाळली की घरात बिब्बा लावतात. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या आयाबहिणींच्या हातांना तर तो रोजच लागतो. त्याच्या काळ्या तेलाने कातडी भाजते. खाज, सूज, फोड येतात.

तेल लागताच साबण व भरपूर पाण्याने हात धुवा, नखेही घासा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. फोडातल्या पाण्याने बिब्बा पसरत नाही, राहिलेल्या तेलाने पसरतो. फोड फोडू नका. गार ओले फडके ठेवा, कॅलामाइन लावा.

बिब्बे फोडताना जाड प्लास्टिकचे (व्हिनाइल) हातमोजे घाला. टरफले जाळू नका, धूरही बाधतो. चेहरा-डोळे सुजले, पू झाला, ताप आला तर लगेच सरकारी दवाखान्यात जा. लहान मुलांना बिब्बा लावूच नका.